भिंतीवरचे सेटिंग खात्याचे नाव

मिस्त्री, आपला स्टुडिओ पाडला. तुम्हांला जाऊन इतकी वर्षे झाली की ही बातमी कळवण्याचे काही कारण उरलेले नाही, आणि मी पत्रे लिहिणारा माणूसही नव्हे. परंतु ज्यांना सांगावे त्यांना ऐकून घेण्यास सवड नाही, म्हणून तुम्हांला लिहितो आहे. साकीनाक्याहून आत वळल्यावर लागणारे ते लोखंडी फाटक, चित्रीकरणाचे चारही फ्लोअर, मेकअपच्या खोल्या, कँटीन आणि सर्वांत मागे आपले गोदाम, यांतले काही राहिलेले नाही. तेथे आता दोन टॉवर होणार आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी दुकाने. रस्त्यावर मोठा फलक लावला आहे. त्यावर लिहिले आहे की जेथे देशाची स्वप्ने घडली तेथे आता तुमचे घर घडेल. हे वाक्य ज्याने लिहिले त्याला एकदा माझ्यासमोर उभे करावे अशी माझी इच्छा आहे. तेथे स्वप्ने घडली नाहीत. तेथे भिंती घडल्या, खिडक्या घडल्या, देवळांचे खांब घडले, आणि ते तुम्ही व तुमच्या हाताखालच्या आम्ही सेटिंग खात्यातल्या अकरा जणांनी घडवले.

पाडले याचा मला राग नाही. मोडणे हा आपल्याच कामाचा भाग होता. सकाळी उभे केलेले संध्याकाळी उतरवण्यात आपले आयुष्य गेले. मला राग आहे तो एका भिंतीचा. टॉवर उभे राहीपर्यंत त्यांनी रस्त्याच्या कडेला काचेचे विक्री कार्यालय केले आहे, आणि तेथे घरे पाहण्यास येणाऱ्यांसाठी एक दालन आहे. त्या दालनात, या स्टुडिओत ज्यांनी काम केले त्यांची नावे पितळी पट्ट्यांवर कोरून एका भिंतीवर लावली आहेत. पुढे ती भिंत टॉवरच्या प्रवेशद्वारात कायमची जाणार आहे. त्या भिंतीवर तुमचे नाव असावे, एवढ्या एका गोष्टीसाठी मी मागचा महिना घालवला. त्याचे काय झाले ते सांगणार आहे, पण क्रमाने सांगेन. मधूनच सुरू केलेले बोलणे तुम्ही कधी चालवून घेतले नाही.

माझा पहिला दिवस तुम्हांला आठवत नसेल. मला आठवतो. गिरणी बंद होऊन सात महिने झाले आहेत आणि मी इस्त्रीचा सदरा घालून आलो आहे, कारण नोकरीला जाताना तसा घालावा असा माझा समज आहे. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहता आणि विचारता, "लग्नाक इलंस काय रे?" सगळे हसतात. मी हसत नाही. मग तुम्ही मला दुसऱ्या फ्लोअरवर एका डॉक्टरच्या दवाखान्याची भिंत ठोकण्यास देता. लाकडी चौकट, तिच्यावर प्लायवूड. मी जीव ओतून ठोकतो. एकेक खिळा डोक्यापर्यंत आत, वरून हात फिरवला तरी लागू नये असा. संध्याकाळी सेट उतरवायची वेळ येते आणि ती भिंत सुटत नाही. पहारीने उचकटावी लागते, आणि चांगली चौकट दुभंगते. तुम्ही मला सर्वांसमोर बोलावता.

"खिळो पुरो कोणी मारलो?"

"मी मारला. नीट मारला."

"नीट मारलंस? मगे आता नीट काढ. दातांनी काढ."

मी मान खाली घालत नाही, हे पाहून तुमचा आवाज आणखी चढतो. "हंय घर बांधूचा नाय हा. हंय घराचा सोंग बांधूचा हा. खिळो पाव इंच भायर ठेवूचो. सकाळी मारतंस, तेव्हाच सांजेक तो ओढूचो हा ह्या डोक्यात ठेवूचा. समाजला?"

मला समजले. इतके समजले की पुढे मी माझ्या कुर्ल्याच्या खोलीत भिंतीला फळी ठोकली तिचे खिळेही पाव इंच बाहेर राहिले, आणि मुलाचे शाळेचे दोन सदरे त्यांवर फाटले. माझी पत्नी शिलाईला बसली की तुमच्या नावाने बोटे मोडत असे. "तुमच्या मिस्त्रींना सांगा, घर म्हणजे सेट नव्हे!" मी तेव्हा तुम्हांला सांगितले नाही. आता तीही नाही, म्हणून तिचे बोलणे पोहोचवतो आहे.

स्टुडिओचा इतिहास मला तुमच्या तोंडून कळला. त्यांच्या दालनात तो इंग्रजीत लिहिला आहे आणि चुकीचा लिहिला आहे. तेथे लिहिले आहे की दूरदृष्टीच्या संस्थापकांनी ओसाड जागेवर कलेचे मंदिर उभारले. जागा ओसाड नव्हती. तेथे काचेच्या बरण्यांचा कारखाना होता आणि तो बुडाला. रिकाम्या शेडचे करायचे काय, असा मोठ्या शेठजींना प्रश्न पडला असताना टीव्हीवरच्या मालिकांचा जमाना आला, आणि कोणीतरी त्यांना ती शेड चित्रीकरणासाठी भाड्याने देण्याची युक्ती सांगितली. पहिल्या फ्लोअरच्या मध्यभागी भट्टीचा खड्डा होता. तो बुजवून त्यावर तुम्ही फळ्यांची जमीन बसवलीत आणि कॅमेऱ्याची चाके खडखडू नयेत म्हणून उकिडवे बसून आठ दिवस तिला रंधा मारलात. छप्पर पत्र्याचे आणि विमानतळ डोक्यावर. संवाद ऐन रंगात आला की आवाज टिपणारा हात वर करी, "विमान!" आणि सारा फ्लोअर जागच्या जागी थांबे. रडणारी नटी रडणे थांबवून नखे पाहू लागे. शेजारच्या फ्लोअरवर आपलेही हातोडे हवेत थांबत. त्यांच्या इतिहासात त्या विमानांचाही उल्लेख नाही. विकत घेणाऱ्याला कळू नये म्हणूनच तो गाळला असेल असे माझे मत आहे.

आणि तो जिना. मिस्त्री, तो जिना देशात ज्याच्या घरी टीव्ही होता त्या प्रत्येकाने पाहिला. श्रीमंतांच्या हवेलीचा, मध्यात वळण घेणारा, संगमरवरी. आर्ट डायरेक्टरने कागदावर एक रेघ वळवून दिली होती, बाकी सारे तुमचे. चौदा पायऱ्या, पाच तुकडे. चार माणसांनी उचलावे असा एकेक तुकडा, आणि जोडल्यावर फट दिसायची नाही. त्यावरून नेसत्या शालूनिशी धावत उतरले तरी तो कुरकुरत नसे. वर मात्र काही नव्हते. वरच्या पायरीपलीकडे चार फुटांची फळी आणि मागे उतरायला शिडी. एकदा कोणीतरी ती शिडी दुसऱ्या फ्लोअरवर नेली आणि मालिकेतली सासू वर अडकली. शॉट संपला, दिवे बंद झाले, माणसे चहाला गेली, आणि ती बाई अंधारातून हाका मारते आहे, "अहो मिस्त्री! मी वरच आहे हो! सुनेने नाही, तुम्ही मारलंत मला!" तुम्ही स्वतः शिडी आणलीत, खाली धरून उभे राहिलात, आणि तिला म्हणालात, "सावकाश, बाईसाहेब. जिनो माझो आसा, शिडी स्टुडिओची." ती हसत हसत उतरली. पुढे कितीतरी दिवस ती सेटवर आली की आधी तुम्हांला नमस्कार करी, मग देवाच्या फोटोला.

तुम्ही राहत होता गोदामात. वर माळा होता, तेथे कापडाच्या गुंडाळ्यांवर तुमची पथारी आणि एक पत्र्याची पेटी. गावाहून तुम्हांला पत्र येई ते फाटकावरचा रखवालदार आणून देई. तुम्ही ते आमच्याकडे पाठ करून वाचत आणि खिशात ठेवत. ते पाकीट मी कधी उलटून पाहिले नाही. दुसऱ्याचे पत्र पाहू नये असे मला लहानपणी शिकवले होते. एकदाच तुम्ही आमच्या घरी आलात. आमच्या खोलीत भांडी ठेवण्यास जागा नाही, असे मी बोलता बोलता म्हणालो होतो, आणि दोन महिन्यांनी एका रविवारी हातगाडीवर फडताळ घेऊन तुम्ही दारात उभे. कोठल्या तरी जुन्या सागवानी दाराचे लाकूड. एकही खिळा नाही, सगळे सांधे एकमेकांत बसवलेले. पत्नी पाहत राहिली. तुम्हांला आग्रहाने जेवायला बसवले. स्वयंपाकघर म्हणजे खोलीचाच कोपरा, तुम्ही भिंतीला टेकून पाटावर बसला आहात, बांगड्याचे तिखले भातावर ओतून घेता आहात, आणि ती वाढता वाढता विचारते आहे, "भावोजी, घरी कोण कोण असतं?"

"आसत सगळी."

"आणि गाव कुठलं हो तुमचं?"

"लांब आसा. वायच भात वाढ गो, बाय."

तिने भात वाढला. मीही तेथेच बसलो होतो. मी काही विचारले नाही. वरिष्ठ माणसाला खोदून विचारणे मला असभ्य वाटे. आज वाटते की तो सभ्यपणा निव्वळ आळस होता.

तुम्ही गेलात तो दिवस मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. प्लायवूडच्या भुशाचा खोकला तुम्हांला वर्षभर होता. एक दिवस तुम्ही आपल्या पायांनी बसमध्ये बसून महापालिकेच्या इस्पितळात गेलात आणि तिसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. फ्लोअरवर लग्नमंडपाचा सेट अर्धा उभा आहे. संध्याकाळी चित्रीकरण. प्रॉडक्शनचा माणूस म्हणतो, "दोघं जा. बाकीचे गेले तर मंडप कोण लावणार?" दोघे गेले. तुमच्यानंतर मीच जाणता होतो, म्हणून मी राहिलो. माझ्यावर कोणी बळजबरी केली नाही. तुम्हीही हेच सांगितले असते असे मी मनाला बजावले आणि केळीचे खांब बांधत राहिलो. गावाहून तुमचा पुतण्या आला होता. त्याने सर्व उरकले, फाटकावरून तुमची पेटी उचलली आणि तो निघून गेला. मी त्याला पाहिलेही नाही. जे दोघे गेले होते, तेही आज हयात नाहीत.

आता भिंतीकडे येतो. महिन्यापूर्वी बिल्डरच्या कार्यालयातून एका मुलीचा फोन आला. जुन्या कामगारांच्या आठवणी जमवायच्या आहेत, आपण याल का? मी पुन्हा इस्त्रीचा सदरा घालून गेलो. जेथे मी आयुष्याची बत्तीस वर्षे विचारल्यावाचून आत शिरलो, तेथे गणवेशातल्या रखवालदाराने मला विचारले, "किसको मिलना है?" मी मराठीत उत्तर दिले. त्याने रजिस्टर पुढे सरकवले.

मुलगी चांगली होती, हे मी मान्य करतो. घाटकोपरची. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि दालन दाखवायला नेले. भिंतीवर नावे होती. शेठजींचे, त्यांच्या मुलाचे, नातवाचे. नट, नट्या, दिग्दर्शक, लेखक, संगीतवाले, कॅमेरावाले. मी उजवीकडून डावीकडे आणि पुन्हा डावीकडून उजवीकडे वाचले. शेजारी छायाचित्र होते, भिंतीएवढे मोठे: तुमचा जिना, आणि त्यावर ती सासू. खाली तिचे नाव, मालिकेचे नाव, वाहिनीचे नाव.

मी तिला म्हणालो, "हा जिना कोणी केला ते यात लिहिलेले नाही."

"आर्ट डायरेक्टरचं नाव आहे ना काका, हे बघा, वरून तिसरं."

"त्यांनी रेघ काढली. जिना कोणी केला, ते मी विचारतो आहे."

"काका, अ‍ॅक्च्युअली कसं झालं ना, सीरियल्सच्या टायटल्समध्ये ज्यांची नावं होती, तीच घेतलीयेत."

"सेटिंग खात्याचे नाव टायटलमध्ये कधीच नसे."

"तेच तर ना. मग आम्ही कुठून आणणार?"

मी आवाज चढवला. चढवायला नको होता, पण चढवला. मी तिला सांगितले की या भिंतीमागेही कोणीतरी सुतार आहे आणि त्याचेही नाव तुम्हांला ठाऊक नाही. मी सांगितले की ज्यांनी येथे खुर्चीवर बसून पान खाल्ले त्यांची नावे पितळेत आणि ज्याने या जमिनीला उकिडवे बसून रंधा मारला त्याचे नाव कोठेच नाही, हा अन्याय नसून निर्लज्जपणा आहे. घर पाहायला आलेले एक जोडपे थांबून ऐकू लागले. मुलगी लाल झाली, पण तिने मला बाहेर काढले नाही. ती म्हणाली, "बरोबर आहे काका तुमचं. एक जागा आहे. एका मेकअपवाल्यांच्या घरच्यांनी नको म्हणून सांगितलं, त्यांची पट्टी रिकामी आहे. कोरणाऱ्याला मी शुक्रवारी यादी देणार. तुमच्या मिस्त्रींचं पूर्ण नाव द्या मला. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. सगळ्यांची तशीच आहेत."

मिस्त्री, मी तोंड उघडले आणि मला कळले की मला तुमचे नाव ठाऊक नाही.

एकवीस वर्षे. एकवीस वर्षे मी तुम्हांला मिस्त्री म्हणालो. शेठजी मिस्त्री म्हणत, नट्या मिस्त्री म्हणत, कँटीनचा पोऱ्या मिस्त्री म्हणे. तुमच्या हजेरीपुढे काय नाव लिहिले जाई ते कारकुनाला ठाऊक. ती हजेरीबुके केव्हाच भंगारात गेली. मी मुलीला म्हणालो, "उद्या सांगतो, त्यांचे नाव घाईत उच्चारण्यासारखे नाही." हे तिला कसे वाटले कोण जाणे. ती म्हणाली, "नाहीतर नुसतं 'मिस्त्री' टाकूया का? छान वाटेल, काका. क्यूट वाटेल." मी नाही म्हणालो. मालकांची नावे तीन पदांची आणि तुम्ही नुसते मिस्त्री? तसे नाव इस्त्रीवाल्याला देतात. ज्याला पूर्ण नाव आहे तोच माणूस, असे त्या भिंतीचे म्हणणे आहे, आणि मग त्या भिंतीवर तुम्ही अर्धे जाणार नाही.

मी आपल्या कामगार संघटनेच्या कार्यालयात गेलो. तेथला तरुण कारकून संगणकापुढे बसला होता. "सांगा काका नाव, लगेच बघतो."

"नाव सापडावे म्हणूनच आलो आहे."

"म्हणजे नाव शोधायला आधी नावच पाहिजे." तो हसला. "वाट लागली की काका! जुनी कार्डं तर पाण्यात गेली कधीच. गाव कुठलं त्यांचं?"

तुमचे बोलणे मालवणी होते एवढे मी त्याला सांगू शकलो असतो. अख्ख्या सिंधुदुर्गात एक मृत सुतार शोध, असे त्याला म्हणणार होतो का?

मग वर्सोव्याला गेलो. आपल्याबरोबर दिव्यांवर होता तो कोळी, छताखाली दिवे टांगायच्या तराफ्यावर माकडासारखा चढणारा, तो अजून आहे. दृष्टी गेली आहे, पण ओटीवर बसून बोटांनी जाळे विणतो. त्याने मला आवाजावरून ओळखले. मी त्याला विचारले.

"मिस्तरीचा नाव?" तो मोठ्याने हसला. "मिस्तरी म्हनजे मिस्तरी. देवाला काय तू आडनाव इचारतो?"

"देवाचे नाव तरी ठाऊक असते."

"मग तुला ठावं नाय? तू तं त्याचा उजवा हात व्हतास! सगले म्हनायचे, मिस्तरीचा पोरगाच हाय." त्याने जाळे खाली ठेवले. "आनि तू मला इचारतोस?"

त्याने हे वाईट हेतूने म्हटले नाही. मी उठलो, त्याच्या सुनेने केलेला चहा तसाच ठेवून निघालो. त्या दिवशी घरी मुलाने विचारले, "बाबा, एवढं काय मनाला लावून घेता? सोडा ना आता. कोण वाचणार आहे ती भिंत? लोक पार्किंग किती मिळतंय ते बघायला येतात." मी त्याला म्हणालो की तुझ्या आईची भांडी ज्या फडताळात आहेत त्याच्यासमोर उभा राहून हे पुन्हा बोल. मी त्याच्यावर रागावलो, मुलीवर रागावलो, जागा बिल्डरला देणाऱ्या शेठजींच्या नातवावर तर रागावलोच. पण मिस्त्री, त्या तीन दिवसांत मी सर्वांत अधिक तुमच्यावर रागावलो. तुम्ही मला सूत आणि इंच शिकवलेत, गुण्या धरायला शिकवलेत, खिळा कोठे थांबवावा ते शिकवलेत. एवढ्या काळात एकदा, भात मागून घेण्याआधी, नाव सांगायला तुमचे काय जात होते? मी विचारले नाही हा माझा दोष, आणि तो लहान नाही. पण तुम्हांला स्वतःलाच आपले नाव पाव इंच बाहेर ठेवण्याची सवय लागली होती काय, केव्हाही ओढून काढता यावे म्हणून?

शुक्रवारी मी पुन्हा गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो की खरे सांगायचे: मला नाव ठाऊक नाही, जागा रिकामी ठेवा. मुलगी वाट पाहत होती. समोर यादी, हातात पेन. शेजारी शेठजींचा नातू उभा होता, मोबाईलवर बोलत. त्याने बोलणे न थांबवता माझ्याकडे पाहिले आणि मुलीला भुवईने विचारले, हा कोण? ती म्हणाली, "सर, ते सेटिंगवाल्यांचं नाव." तो म्हणाला, "अच्छा, कारपेंटर. नेम है उसका?" आणि हसला.

त्या हसण्यापुढे माझ्याने "ठाऊक नाही" म्हणवले नाही. मी ताठ उभा राहिलो आणि एक पूर्ण नाव सांगितले. नाव, वडिलांचे नाव, आडनाव. न अडखळता, शाळेत हजेरी देतात तसे. मुलीने लिहून घेतले आणि वर पाहिले.

"काका, तुमचंच आडनाव? सेम?"

"आमच्या कोकणात एका आडनावाची शंभर घरे असतात."

"ओके," ती म्हणाली, आणि यादी बंद केली.

ते नाव माझ्या वडिलांचे होते. मृत माणसाचे पूर्ण नाव म्हणून माझ्या जिभेवर तेवढे एकच तयार होते. ते गिरणीत सांचेखात्यात, मागांवर होते, त्यांनी आयुष्यात रंधा हातात धरला नाही, आणि स्टुडिओचे फाटकही त्यांनी कधी पाहिले नाही.

भिंतीचे उद्घाटन झाले. शेठजींच्या नातवाने भाषण केले, अर्धे इंग्रजी, अर्धे हिंदी, आणि सांगितले की माझ्या आजोबांनी हा स्टुडिओ आपल्या हातांनी बांधला. मी मधेच उठून उभा राहिलो होतो. मुलाने माझा हात धरून मला खाली बसवले. मग भिंतीवरचा पडदा सरकवला. खालून दुसऱ्या ओळीत पट्टी होती, आणि नावाखाली बारीक अक्षरांत: मुख्य मिस्त्री, सेटिंग खाते. मुलगा मोबाईल घेऊन पुढे गेला, वाचू लागला, आणि थांबला.

"बाबा. हे तर आजोबांचं नाव आहे."

"एका नावाची माणसे असतात."

"वडिलांच्या नावासकट?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "उभे राहा इथे, फोटो काढतो," आणि त्याने फोटो काढला. घरी येईपर्यंत आम्ही त्यावर बोललो नाही, नंतरही बोललेलो नाही.

तर मिस्त्री, त्या भिंतीवर सेटिंग खात्याचे एक नाव आहे आणि ते तुमचे नाही. तुमचा पुतण्या किंवा त्याची मुले कधी तेथे गेली, तर त्यांना तुम्ही सापडणार नाही. रिकामी पट्टी असती तर निदान त्यांनी विचारले असते. ती जागा मी बुजवली. मुलीला फोन करून खरे सांगावे असे रोज सकाळी ठरवतो. हे पत्र मी कोठे टाकणार नाही, हे उघड आहे. पाकिटावर लिहिण्यास माझ्याकडे काही नाही.

एक गोष्ट राहिली. वर मी जो राग लिहिला तो सगळा खरा आहे. पण उद्घाटनानंतर मी दोन वेळा, मुलाला न सांगता, एकटा तेथे जाऊन आलो. दोन्ही वेळा चष्मा पुसून घेतला, आणि पितळेत कोरलेले माझ्या वडिलांचे नाव सावकाश वाचले, आणि मिस्त्री, मला बरे वाटले.